सहा डब्या आणि एक करडी

आमच्या सोलापुरात बास गिटार वाजवणाऱ्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "दोन तारा तुटल्या व्हय?" आणि दुसरा, "हे वाजतंय, का नुसतं धरलंय?" पहिला प्रश्न मला मंद्रूपच्या एका लग्नात नवरीच्या मामांनी विचारला, तोही बुंदी वाढता वाढता. याला चारच तारा असतात, असं मी समजावून सांगितलं. मामांनी मान हलवली आणि पंगतीतल्या शेजारच्याला म्हणाले, "फशिवलंय की याला दुकानदारानं." त्याचं मला काही वाटलं नाही. दुसरा प्रश्न मात्र जिव्हारी लागायचा, कारण त्याचं उत्तर मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

माझं नवी पेठेत चष्म्याचं दुकान आहे. पोट त्यावर चालतं. बास मी कॉलेजात असल्यापासून एका ऑर्केस्ट्रात वाजवत आलो. ऑर्केस्ट्रा म्हणजे चमकीचा कोट घालून जुनी गाणी म्हणणारे आमचे मालक, एक गायिका, एक कीबोर्डवाला, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि सगळ्यांच्या मागे, बहुधा मांडवाच्या खांबाआड, मी. लग्नं, गणपती, वाढदिवस, कुणाचा सत्कार. लोकांना गायक दिसतो, ढोलकी ऐकू येते, कीबोर्डवाल्याचे केस दिसतात. बास असतो तेव्हा कुणाला कळत नाही आणि नसतो तेव्हा काय बिनसलंय तेही कळत नाही. निदान तसं पुस्तकात लिहिलेलं असतं. खरोखर कळत नाही का, हे तपासायची वेळ माझ्यावर एका दिवाळीत आली.

मालकांनी मला दुकानात येऊन सांगितलं, "कीबोर्डवाला म्हणतोय, बास तो डाव्या हातानं काढतो. गाडीत एक माणूस कमी बसंल. हा लग्नाचा सीझन बघू, मग ठरवू." एवढं बोलून त्यांनी गॉगलची एक फ्रेम घालून आरशात पाहिलं आणि ती तशीच डोळ्यावर ठेवून गेले. फ्रेमचं दुःख नाही. वीस वर्षं ज्या जागी उभा राहिलो, ती जागा डाव्या हाताच्या करंगळीला द्यायची, याचं होतं. मला काहीही करून ऐकू यायचं होतं.

अशा वेळी शहाणा माणूस रियाज करतो. मी इंटरनेट उघडलं.

तिथे मला पेडल भेटली. पेडल म्हणजे पायानं दाबायची लोखंडी डबी. गिटार आणि आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प यांच्या मधल्या वायरीत बसवायची, दाबली की दिवा लागतो आणि आवाज बदलतो. ही डबी घेतल्याशिवाय जगात कुणाचाच बास चांगला वाजलेला नाही, असं सांगणारी माणसं तिथे शेकड्यानं आहेत. आठ मिनिटं बोलतात आणि अर्धं मिनिट वाजवतात, आणि त्या अर्ध्या मिनिटात ते एवढं का बोलले हे समजतं. बोलणंही कसलं! हा आवाज म्हणे ऊबदार आहे, तो मखमली आहे, आणि हा पलीकडचा पारदर्शक आहे. मी काचा विकतो. पारदर्शक म्हणजे काय हे मला तरी यांच्याकडून शिकायचं नव्हतं. तरी शिकलो.

मग मोबाइलवर एका ग्रुपात शिरलो. सगळे बास वाजवणारे, म्हणजे तसं म्हणवून घेणारे. दिवसभर आपापल्या पेडलांचे फोटो टाकायचे. ओळीनं मांडलेल्या डब्या, लाल, निळ्या, पिवळ्या, आणि खाली बाकीच्यांचे जोडलेले हात. फोटोतून आवाज येत नाही याची कुणालाही खंत नव्हती. एकदा एकानं साधं विचारलं, की बाबांनो, यातलं कुणी शेवटचं कुठे वाजवलं? त्याला दुपारपर्यंत ग्रुपमधून काढलं. काढायला हवाच, असं त्या वेळी मलाही वाटलं, हे कबूल करतो.

खरेदीला पुण्याला गेलो. थंडगार दुकान, भिंतीला गिटारी, आणि शेंडी बांधलेला एक विक्रेता, जो माझ्या प्रत्येक प्रश्नावर "ते तुमच्या कानावर आहे सर" म्हणायचा. त्या बंद खोलीत सगळंच गोड लागत होतं. सांगोल्याच्या उघड्या माळावर, बाजूला जनरेटर घुरघुरत असताना यातलं काय उरेल, हा प्रश्न मला पडलाच नाही. माझ्या दुकानात अशी गिऱ्हाइकं रोज येतात. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून बघा म्हटलं तर ऐकत नाहीत, आरशातून नजर काढत नाहीत, आणि चार दिवसांनी डोकं दुखतं म्हणून भांडायला येतात. त्यांना मी मनातल्या मनात काय काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी पुण्यात मी तेच गिऱ्हाईक होतो.

सहा डब्या घेऊन आलो. त्यातली सूर जुळवायची तेवढी कामाची, बाकी पाचांची कर्तबगारी सांगतो. कॉम्प्रेसर नावाची डबी मोठा आवाज लहान आणि लहान मोठा करते. ती चालू आहे की बंद, हे मला दिवा बघितल्याशिवाय कधीही कळलं नाही, पण दिवा लागला की बरं वाटायचं. कोरस लावला की एकाच गिटारीच्या तीन गिटारी पाण्याखाली वाजल्यासारख्या वाटायच्या. फझ नावाच्या डबीतून जाडं कापड टरकावल्यासारखा आवाज निघे. तो पहिल्यांदा काढला तेव्हा आमच्या गायिकेनं गाणं अर्धवट सोडून विचारलं, "स्पीकरचा बॉक्स फुटला का हो?" उरलेल्या दोघींपैकी एक सूर एक सप्तक खाली नेई. बास आधीच सगळ्यांच्या खाली, त्याला आणखी कुठे न्यायचा? आणि शेवटची डबी केलेली चूक तीन वेळा ऐकवे.

सुताराकडून फळी करून घेतली, शिंप्याकडून चिकटपट्टी आणली, सहाही डब्या फळीवर बसवल्या. सगळ्यांना मिळून वीज देणारा अडॅप्टर मात्र मोबाइलच्या बाजारातून स्वस्तातला घेतला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ते असं. बायको एका गणपतीच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुम्ही सारखे खाली काय बघत होता? काही पडलं होतं का?" मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

आता करड्या डबीचं. आमचा साउंड सांभाळायचे ते अण्णा. पूर्व भागातल्या विणकर घरातले, तेलुगू बोलणारे. माइक तपासताना "ओकटी, रेंडू, मूडू" असं मोजायचे. तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल काढले, मग मेव्हण्याच्या मांडवाच्या धंद्यात मिक्सरवर बसले. मागाच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. उजवा पार गेलेला, डावा जेमतेम. ऐकू न येणारा साउंडवाला! हे फक्त आमच्याच गावात होऊ शकतं, असं मी ग्रुपमध्ये लिहिलंही होतं आणि त्यावर बरेच हसरे चेहरे आले होते. अण्णा मिक्सरशेजारच्या लाकडी टेबलावर डावा तळहात पसरून बसायचे आणि उजव्या हातानं बटणं फिरवायचे. मान खाली, डोळे अर्धवट मिटलेले. हे पेंगतात असं माझं मत होतं.

माझी फळी पहिल्यांदा स्टेजवर मांडली तेव्हा अण्णा येऊन उकिडवे बसले. सगळ्या डब्यांवरून बोट फिरवलं, आणि खिशातून एक करडी, बिनदिव्याची, ओबडधोबड डबी काढून माझ्या हातात दिली.

"शेठ, गिटारीची वायर आधी हिच्यात घाला, मग तुमच्या डब्यांत. करंट बसायचा न्हाय."

मांडवातला करंट ही थट्टा नव्हे. माइकला ओठ लागून आमच्या मालकांची दोन गाणी अर्ध्यात थांबलेली मी पाहिली आहेत. म्हणून घातली. त्या करड्या डबीतून आणखी एक वायर निघून मिक्सरकडे जायची, ती अर्थिंगची असणार असं मी धरून चाललो. शिवाय माझ्या मागच्या छोट्या अ‍ॅम्पसमोर अण्णा स्वतः एक माइक आणून ठेवायचे, अगदी नेमका, बोटानं अंतर मोजून. माझा सहा डब्यांतून गाळलेला आवाज त्या माइकमधून मोठ्या बॉक्सपर्यंत जातोय, या आनंदात मी सीझनभर पाय आपटत राहिलो.

सीझन संपला आणि मालक म्हणाले, "बास ऱ्हाऊ दे." एवढंच. कीबोर्डवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला आणि मी तो मनसोक्त बघितला. ग्रुपमध्ये मी लांबलचक लिहिलं, की योग्य पेडल निवडल्यानं माझी जागा कशी वाचली, कोरस कुठे लावावा आणि कुठे आवरावा. लोकांनी हात जोडले. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, त्यातला सगळा खळखळाट मी एकट्यानं केला. पुढचा सीझनही तसाच गेला.

मग सांगोल्याचं लग्न आलं. डाळिंबाच्या बागायतदाराचा मुलगा, रानातच मांडव, संध्याकाळचे सात. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला तसा माझ्या पायाशी जळका वास आला. तो स्वस्तातला अडॅप्टर गेला. सहाही दिवे विझले. मागचा अ‍ॅम्प गप्प झाला. मालक गात होते, पोरं नाचत होती, आणि मी एकेका डबीवर पाय देत होतो. लक्ष सगळं त्या मागच्या अ‍ॅम्पकडे, आणि तो काही बोलेना. शेवटी मी तारांवरचा हात काढला.

ढोलकीवाल्यानं चमकून मागे पाहिलं. नाचणाऱ्या दोघातिघांचा ठेका चुकला. आणि पलीकडे मिक्सरवर, एरवी कार्यक्रम संपेपर्यंत मान वर न करणाऱ्या अण्णांनी मान वर केली. टेबलावरचा तळहात उचलून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हवेत बोट गोल फिरवलं. वाजवा.

मी एक तार छेडली. मैदानाच्या दोन्ही टोकांच्या मोठ्या बॉक्समधून माझा सूर आला. साधा, जाड, एकटा. कोरस नाही, काही नाही. पायाशी सहा डब्या मेलेल्या होत्या आणि मी ऐकू येत होतो.

पुढची चार गाणी कशी वाजवली मला आठवत नाही. कार्यक्रम संपल्यावर टेम्पोत बॉक्स चढवणाऱ्या अण्णांना मी गाठलं. त्यांच्या डाव्या कानाशी ओरडून विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"पयल्यापासनं," अण्णा म्हणाले. चेहऱ्यावर लाज नाही, काही नाही.

"म्हणजे त्या करड्या डबीतून तुम्ही साधा बास घेत होता?"

"व्हय."

"आणि तो अ‍ॅम्पसमोरचा माइक?"

"त्यो तुमच्या समाधानाला. बंदच असतोय."

दोन वर्षं! दोन वर्षं मी जो आवाज कमावला म्हणून छाती काढून फिरलो, तो स्टेजच्या खाली कुणीही ऐकला नव्हता. मी वाटेल ते बोललो. बहिरा म्हणालो. हे मी म्हणालो, आणि मोठ्यानं म्हणालो, कारण हळू म्हटलं असतं तर त्यांना ऐकू आलं नसतं. अण्णांनी हातातली वायर गुंडाळून पुरी केली, गाठ मारली, मग माझा हात धरून टेम्पोच्या फाळक्यावर पालथा ठेवला. टेम्पोचं इंजिन चालू होतं.

"लागतंय का हाताला?"

"लागतंय."

"मागावर तीस वर्सं काडली, शेठ. कान कवाच गेलं. माग बिघडला का सुदा हाय, हे लाकडावर हात ठिवून कळतंय. मला तुमचा बास हाताला येतो. तुमच्या डब्यांतला येकदा माइक लावून बगितला, लई चकचकीत येतो, पन हाताला कायच लागत न्हाय. मंग मी काय करू? मालकांनी मला इचारलं, बास ठिवू का काडू. मी म्हनलं, त्या कीबोर्डचा माज्या हाताला लागत न्हाय, यांचा लागतोय. ठिवा."

माझी जागा कुणी वाचवली होती ते मला असं कळलं. ज्याच्यावर मी हसरे चेहरे गोळा केले होते, त्या माणसाच्या तळहातानं. मला माझी इतकी शरम याआधी कधी वाटली नव्हती, आणि शरमेपेक्षा जास्त, सांगायला हरकत नाही, आनंद झाला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं, की वाजतंय. मी माफी मागितली. ती मात्र त्यांना ऐकू आली नाही आणि पुन्हा ओरडून मागायचं धैर्य मला झालं नाही.

सूर जुळवायची डबी ठेवली, पाच विकायला काढल्या. ग्रुपमध्ये फोटो टाकून खाली लिहिलं, ऊबदार, मखमली, पारदर्शक. दोन तासांत गेल्या. घेणाऱ्यानं नंतर कळवलं, की बासमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडला. देव त्याचं भलं करो.

पुढे अण्णांची साखर वाढली. आधी पाय बधिर झाले, मग बोटं, मग तळहात. चहाचा गरम पेला धरून ठेवायचे आणि कळायचं नाही. एका कार्यक्रमात माइकनं तीनदा कर्कश शिट्टी मारली, मालकांनी मिक्सरवर दुसरा माणूस बसवला. हा नवा टॅबलेट घेऊन मांडवभर फिरतो, हवेत बोटं फिरवतो आणि प्रत्येक गोष्टीला "फिक्स करून टाकू" म्हणतो. माझ्याकडे बघून त्याचा पहिला प्रश्न, "सर, तुमच्याकडं पेडलं नाहीत?" मी नाही म्हणालो. त्यानं मालकांकडे असं पाहिलं, की मला पुढचं सगळं दिसलं.

अण्णा त्या सुमारास वाचायचा चष्मा करायला दुकानात आले आणि मग दर रविवारी यायला लागले. रविवारी एक वाजता मी शटर अर्धं ओढतो. बास दुकानातच असतो. अ‍ॅम्प लावत नाही, गिटारीची कड काउंटरच्या लाकडी चौकटीला टेकवतो आणि वाजवतो. पहिल्यांदा अण्णांनी सवयीनं तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि उचलला. मग कोपर टेकवून बघितलं. हाडाला लागतंय म्हणाले. तेव्हापासून कोपर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, की एक म्हातारा काउंटरवर टेकून डुलक्या घेतोय आणि दुकानदार वेडा आहे.

गेल्या रविवारी सकाळी मालकांचा फोन आला. आधी तब्येत विचारली, मग उन्हाळा विचारला, मग म्हणाले, "सगळ्यांचाच विचार करावा लागतो. कीबोर्डवाल्याचं आणि साउंडवाल्याचं म्हननं पडलं... या सीझनला तुम्ही आराम करा." आराम करा असं दोघेच म्हणतात, डॉक्टर आणि मालक, आणि दोघांच्याही म्हणण्याचा अर्थ माणसाला लगेच समजतो. बरं, म्हटलं आणि फोन ठेवला. बायकोला सांगितलं नाही. दुकान उघडलं, दोन फ्रेमा विकल्या, एकाच्या चष्म्याचा स्क्रू बसवून दिला. चेहऱ्यावरून कुणाला काही कळलं नसणार, याची मी काळजी घेतली होती.

एक वाजता अण्णा आले. पाणी प्यायले, उन्हाबद्दल चार शब्द बोलले, काउंटरवर कोपर टेकवून डोळे मिटले. मी नेहमीचंच वाजवायला घेतलं, कुठल्याही गाण्याचं नाही, नुसतं खालच्या दोन तारांवरचं सावकाश चालणं. दोनेक मिनिटं झाली असतील.

"घाई करायलाव आज," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

"नाही हो," मी त्यांच्या कानाशी ओरडलो आणि वाजवत राहिलो.

अण्णांनी डोळे उघडले. कोपर तसंच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झालंय, शेठ?"

मी तारांवर हात ठेवून आवाज बंद केला आणि त्यांना सांगितलं. तीनदा सांगावं लागलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं, अर्ध्या शटरखालून रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. अण्णांनी ऐकून घेतलं, नव्या चष्म्याच्या काचा धोतराच्या सोग्याला पुसल्या, आणि पुन्हा कोपर टेकवलं.

"बरं," म्हणाले, "वाजवा आता. सावकाश."